चित्रानं बोलणं थांबतं?

"चित्रं देऊन मागायची सवय लागली तर पोरगं बोलायचंच नाही," ही धास्ती स्वमग्न मुलांच्या पालकांना हमखास असते. ती निराधार आहे. चित्रांमुळे बोलणं मागे पडत नाही, असंच आजवरचे अभ्यास सांगतात. काही मुलांचं तर थोडं वाढतंच.

अमेरिकेत १९८५मध्ये बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी बसवलेल्या पद्धतीत मूल हव्या वस्तूचं चित्र समोरच्याच्या हातात देतं. यातलं 'देणं' महत्त्वाचं. आईला डब्याकडे ओढत नेणारं मूल तिचा हात सांडशीसारखा वापरत असतं. शेवेचं चित्र दिलं, की तो दोघांमधला व्यवहार होतो. मग शेवेचा डबा लगेच उघडायचा. "आधी तोंडानं सांग" हा हट्ट नको.

आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे चित्रांचं मोफत अॅप मराठीतही बोलतं. पण पांढरकवड्याकडच्या कोलामी किंवा दिग्रसकडच्या गोरमाटी घरात पुस्तकी मराठीच कशाला? घरातल्याच तांब्याचा फोटो, घरातलाच शब्द. दोन भाषांनी ही मुलं गोंधळतात, हाही गैरसमजच.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत तपासणीला येतात. दीड वर्षाचं झालं तरी मूल काही दाखवायला बोट करत नसेल, तर तिथंच स्वमग्नतेबद्दल विचारावं.