वधूचा वेष

लालबर्रा येथून वारासिवनी दूर नाही. तेथील हातमागाच्या साडीस २०२३ साली भौगोलिक मानांकन लाभले. तरीही आपल्या ख्रिस्ती घरांत मुलीचे लग्न निघाले म्हणजे कोणी तरी हमखास म्हणते, 'वेदीपुढे पांढरा झगाच शोभतो. साडी आपली नव्हे.' वाचकहो, तो झगा तरी आपला केव्हापासून? युरोपात त्याची चाल पसरली ती मुख्यत्वे १८४० साली व्हिक्टोरिया राणीच्या विवाहानंतर. आणि ती राणी तर कॅथलिकही नव्हती!

वेषावरून श्रद्धा मापण्याचा हट्ट जुनाच आहे. गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे तेथील धर्मन्यायासनाने, फर्मान काढून देशी ख्रिस्ती पुरुषांना धोतर आणि स्त्रियांना चोळी वापरण्यास मनाई केली. वाडवडिलांच्या कापडात त्यांना कोणता देवद्रोह दिसला असेल! उलट १६०६ साली मदुरेस आलेले येशूसंघीय फादर रॉबर्ट दि नोबिली हे स्वतः इटलीचे, पण त्यांनी संन्याशाची भगवी वस्त्रे धारण केली. वाद रोमपर्यंत गेला. १६२३ साली पंधरावे ग्रेगरी पोप यांनी ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांस जानवे व शेंडी ठेवण्याची मुभा दिली.

वसईकडील ख्रिस्ती स्त्रियांनी आपले चौकड्यांचे तांबडे लुगडे पिढ्यान्‌पिढ्या जपले. आता ते रोज नेसणाऱ्या बहुधा आजीबाईच. नाती ते सणासमारंभास नेसतात. मिस्सेला लुगडे नेसून आलेल्या आजीला 'तुम्ही कोणाच्या?' असे तिकडे कोणी विचारीत नाही.