वर्णकोष्टके, स्थानसापेक्ष
संगणकावरील मजकुरात ठराविक आकृतिबंध शोधणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशन प्रणालीसाठी, विशिष्ट भाषा व प्रदेश यांच्या संकेतांनुसार तयार केलेली वर्णवर्गीकरणाची कोष्टके. एखादा वर्ण अक्षर आहे, अंक आहे की विरामचिन्ह, तसेच त्याचे कॅपिटल वा स्मॉल रूप कोणते, हे प्रणालीला या कोष्टकांवरून कळते.

एका बाइटमध्ये ० ते २५५ असे २५६ संकेतांक मावतात. त्यांपैकी ० ते १२७ यांचे अर्थ अ‍ॅस्की संकेतावलीने निश्चित केले आहेत. त्यापुढील संकेतांकांचे अर्थ मात्र संकेतावलीगणिक बदलतात. पश्चिम यूरोपीय भाषांसाठी १९८७ मध्ये प्रमाणित झालेल्या आयएसओ ८८५९-१ मध्ये १९३ हा आघातचिन्हयुक्त कॅपिटल ‘ए’चा संकेतांक आहे, रशियन भाषेच्या केओआय८-आर मध्ये तोच स्मॉल ‘आ’ दर्शवितो. कोष्टक चुकीचे असल्यास शब्दांचे तुकडे पडतात. उदा., उन्हाळा या अर्थाचा फ्रेंच शब्द ‘एते’ हा २३३, ११६, २३३ असा लिहिला जातो. केवळ अ‍ॅस्की जाणणारे कोष्टक २३३ ला अक्षर मानीत नाही. त्यामुळे मधला ‘टी’ हाच एक स्वतंत्र शब्द ठरतो.

केंब्रिज विद्यापीठातील फिलिप हेझल यांनी १९९७ मध्ये लिहावयास घेतलेल्या पीसीआरई या संग्रहातील कोष्टकाचे चार भाग आहेत : स्मॉल रूप देणारे २५६ बाइट, कॅपिटल व स्मॉल रूपांची अदलाबदल करणारे २५६ बाइट, दहा वर्णवर्गांसाठी प्रत्येकी ३२ बाइटांचे, म्हणजे एकूण ३२० बाइटांचे, बिट-नकाशे, आणि प्रत्येक वर्णाचे गुणधर्म एकत्र नोंदविणारे २५६ बाइट. एकूण विस्तार १,०८८ बाइट होतो.

कोष्टक तयार करण्यापूर्वी सी भाषेतील सेटलोकेल या फलनाने इच्छित स्थानसंकेत निवडावा लागतो. नंतर रचनाकारी फलन प्रत्येक संकेतांकाविषयी सी भाषेच्या प्रमाणित फलनांना विचारणा करून उत्तरे कोष्टकात भरते. आकृतिबंधाचे संकलन करताना हे कोष्टक पुरविले जाते व त्याचा पत्ता संकलित रूपात नोंदला जातो. म्हणून आकृतिबंध वापरात असेतो कोष्टकाची स्मृती मुक्त करता येत नाही. कोष्टक न पुरविल्यास संग्रहातील मूळ कोष्टक वापरले जाते. ते सामान्यतः केवळ अ‍ॅस्की अक्षरे ओळखते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. तुर्की भाषेत टिंबयुक्त ‘आय’चे कॅपिटल रूपही टिंबयुक्त असते आणि बिनटिंबाच्या ‘आय’ची जोडी वेगळी असते. तुर्की कोष्टक वापरल्यास ‘फाइल’ हा स्मॉल अक्षरांतील इंग्रजी शब्द रूपभेद न मानताही कॅपिटल अक्षरांतील त्याच शब्दाशी जुळत नाही. म्हणजे तुर्की मजकुरासाठी योग्य असलेले कोष्टक आज्ञावलीतील इंग्रजी शब्दांसाठी अयोग्य ठरते. जर्मन भाषेतील ‘एस्त्सेट’ या अक्षराचे कॅपिटल रूप रूढ लेखनात दोन ‘एस’ असे होते. एकास एक जोडी लावणाऱ्या कोष्टकात ते दर्शविता येत नाही.

युनिकोडमध्ये देवनागरीचा मुख्य विभाग २३०४ ते २४३१ या संकेतांकांवर आहे. तो २५६ स्थानांच्या कोष्टकाबाहेर पडत असल्याने मराठी मजकुरासाठी युनिकोडने दिलेले वर्णगुणधर्मच वापरावे लागतात. १२७ पुढील संकेतांकांसाठी स्थानसापेक्ष कोष्टके किंवा युनिकोड यांपैकी एकच मार्ग निवडावा, दोहोंची सरमिसळ करू नये, असा संकेत आहे. एका बाइटच्या संकेतावलीत साठविलेल्या जुन्या नोंदी वाचताना मात्र या कोष्टकांचा उपयोग होतो.