परदेशी सापाला ऊब देताना

मी पाटणचा वायरमन. सापासाठी तापणारा रॅक जोडून द्या म्हणून कोणी आलं, की माझा पहिला प्रश्न कागदांचा. आपल्याकडचा अजगर, नाग, धामण घरात पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आफ्रिकेतला बॉल पायथन असला, तरी २०२४च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंद हवी. नोंद नसेल तर मी पक्कड हातात घेत नाही.

साप उन्हातून, दगडातून ऊब घेतो. ती कमी पडली तर खाल्लेलं पचत नाही. म्हणून हीट मॅट डब्याच्या एकाच बाजूला, तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली. उबदार टोक ३१-३२ अंश, थंड टोक २५-२६. मग कुठे बसायचं ते जनावर स्वतः ठरवतं.

थर्मोस्टॅटशिवाय मॅट जोडायची नाही, यावर मी ठाम आहे. त्याचा सेन्सर मॅट आणि डबा यांच्यामध्ये पक्का बसवायचा. तो निसटला तर थंड हवा मोजत राहतो, मॅट तापतच जाते आणि साप भाजतो. वीस वॅटच्या चार मॅट म्हणजे ८० वॅट; २३० व्होल्टला जेमतेम ०.३५ अँपिअर. एक अँपिअरचा फ्यूज पुरे. कोयना-केरा संगमावरच्या आमच्या गावात पावसाळ्यात भिंती ओल धरतात, त्यामुळे लोखंडी चौकटीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवीच.

जखमी साप सापडला, तर घरी ठेवू नका. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.