दगडाचा तंबू, दुबळा चुना

लंडनच्या मॉर्टलेक भागातल्या कॅथलिक चर्चच्या आवारात, थडग्यांच्या गर्दीत, एक तंबू उभा आहे. कापडाच्या चुण्या हुबेहूब, पण सगळं काम दगडातलं. उंची सुमारे १८ फूट. आत सर रिचर्ड बर्टन आणि त्यांची पत्नी इझाबेल यांच्या शवपेट्या. बर्टन १८९० मध्ये त्रिएस्तला वारले; अरबी तंबूची कल्पना इझाबेलची. वेश पालटून मक्केला जाऊन आलेले हे गृहस्थ मुंबईच्या फौजेत असताना मराठीची परीक्षाही पास झाले होते. तेवढी आपली सोयरीक!

२०१२-१३ मध्ये या थडग्याची डागडुजी झाली. अशा कामात खरा कस लागतो तो दगडांमधल्या दरजा भरताना. तिथे काय भरायचं? ‘सिमेंट’ असं पटकन तोंडात येतं आणि तिथेच घात होतो.

दगड दिसतो कोरडा, पण पाणी पितो. पावसाचं, जमिनीतलं. त्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात. दरज चुन्याची असेल तर पाणी तिथून वाफ होऊन निघून जातं, क्षार चुन्यातच साचतात. घट्ट सिमेंटमधून त्याला वाट मिळत नाही. मग ते दगडातून बाहेर पडू पाहतं. क्षारांचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात, आतून रेटा देतात आणि पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो, तोच हा प्रकार. म्हणून दरज दगडाहून दुबळीच हवी: झिजायचं ते चुन्याने. तो पुन्हा भरता येतो, कोरलेली चुणी पुन्हा येत नाही.

चुन्याची गंमत अशी की तो नुसता वाळून घट्ट होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा चुनखडी होतो. त्याला वेळ लागतो, ओलं गोणपाट लागतं, गवंड्याचा धीर लागतो. सिमेंट लोकप्रिय का झालं, हे वेगळं सांगायला नको.

या तंबूला मागच्या बाजूला काच आहे आणि तिथवर चढायला शिडी. कधी तिकडे गेलात तर जरूर चढा, शवपेट्या पाहा. आणि उतरताना दरजांवरूनही एकदा नजर फिरवा.