रंगाआधीचं काम

सिडनी हार्बर ब्रिजचं रंगवण्याजोगं पोलाद मोजलं तर सुमारे 4 लाख 85 हजार चौरस मीटर भरतं. एकरांत सांगायचं तर जवळपास 120 एकर. फरक इतकाच, की हे रान सपाट नाही. ते उभं आहे, आडवं आहे, तिरपं आहे आणि कमानीच्या माथ्याशी समुद्रसपाटीपासून 134 मीटर उंच आहे. 19 मार्च 1932 रोजी पूल खुला झाला, त्याआधी त्याला रंगाचे तीन हात देताना 2 लाख 72 हजार लिटर रंग लागला होता. करडा रंगच का निवडला, तर एवढ्या प्रमाणात तोच मिळत होता म्हणून, असं सांगतात. ‘क्रोकोडाइल डंडी’मुळे जगभर पोहोचलेला नट पॉल होगन सिनेमात येण्याआधी याच पुलावर रिगर म्हणून काम करायचा.

पुलाच्या रंगकामाचं वर्णन नेहमी असंच होतं : किती लिटर, किती माणसं, किती उंची. ज्या कामावर रंगाचं सगळं आयुष्य ठरतं, ते मात्र ब्रश किंवा स्प्रे हातात येण्याआधीच उरकलेलं असतं. दिवाळीला भिंतीचे पोपडे न खरवडता वरून डिस्टेंपर मारला, तर तो पाडव्यापर्यंत टिकतो. पोलादाचंही तेच, फक्त इथे पोपड्याखाली गंज असतो, आणि तो गप्प बसत नाही. लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान कित्येक पटींनी वाढतं आणि तो वरच्या रंगाला आतून उचलतो. समुद्राकाठी त्यात मिठाची भर. रंगाखाली अडकलेले क्लोराइडचे कण हवेतला ओलावा ओढून घेतात आणि गंजाचं काम आतल्या आत चालू ठेवतात. म्हणून जुना रंग, गंज आणि मीठ काढून पोलाद जवळजवळ पांढुरकं दिसेपर्यंत साफ करावं लागतं. शिवाय ते गुळगुळीत ठेवूनही चालत नाही. नव्या प्रायमरला धरून राहता यावं म्हणून पृष्ठभागावर मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याएवढा खरखरीतपणा लागतो.

हे दोन्ही एका दमात करणारी पद्धत म्हणजे ब्लास्टिंग. दाबाखालच्या हवेबरोबर बारीक, टणक खडे नळीतून पोलादावर मारायचे. पूर्वी यासाठी सर्रास वाळू वापरत, म्हणून आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये आजही याला सँडब्लास्टिंगच म्हणतात. वाळू फुटली की तिच्यातल्या सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो, त्यावर इलाज नाही. ब्रिटनने या कामातली वाळू विसाव्या शतकाच्या मध्यालाच बंद केली. तिच्या जागी आता बऱ्याचदा गार्नेट वापरतात. ज्योतिषी बोटात घालायला सांगतात तो गोमेद याच कुळातला.

गार्नेटने एक धोका कमी होतो, दुसरा पोलादावरच बसलेला असतो. जुन्या पुलांच्या रंगात शिसं आहे. आपल्याकडे मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, आणि हाच पदार्थ लोखंडावर गंजरोधक अस्तर म्हणून जगभर वापरला गेला. अस्तर म्हणून तो उत्तमच होता. पण तो फोडून काढायचा म्हणजे शिशाची धूळ उडवणं आलं. त्यामुळे सिडनीत जिथे काम चालतं तो भाग आधी चहूबाजूंनी बंदिस्त करतात आणि आतली हवा गाळूनच बाहेर सोडतात.

त्या बंदिस्त जागेत माणसाने उभं राहायचं. अंगावर जाड पोशाख, डोक्यावर बाहेरून हवा पुरवणारं शिरस्त्राण, समोर धुळीमुळे हातभर अंतरावरचंही दिसत नाही, आवाज शंभर डेसिबलच्या वर. हातातली नळी सतत मागे रेटत असते. तो रेटा सुमारे दहा किलो वजन पेलण्याएवढा, आणि तो पेलत नोझल पृष्ठभागापासून ठरावीक अंतरावर, ठरावीक कोनात, सारख्या वेगाने फिरवत राहायचं. डोक्यावरच्या तुळईचं काम असेल, तर हे सगळं हात वर करून. रोबोट माणसांच्या नोकऱ्या खातील अशी भीती हल्ली सगळीकडे असते. या कामापुरतं माझं मत साफ आहे : ही नोकरी रोबोटने जरूर खावी.

सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाने न्यू साउथ वेल्सच्या रस्ते खात्याबरोबर अनेक वर्षं खपून असे रोबोट तयार केले आणि 2013 मध्ये ते पुलावर कामाला लागले. रोझी आणि सँडी अशी त्यांची नावं. दिसायला त्यात विशेष काही नाही. परांचीवर रूळ टाकलेले, रुळांवर सरकणारी गाडी, गाडीवर सहा सांध्यांचा यांत्रिक हात आणि हाताच्या टोकाला ब्लास्टिंगचं नोझल. असे हात मोटारींच्या कारखान्यात कित्येक दशकं वेल्डिंग करत आहेत.

मात्र कारखान्यात मोटार रोज त्याच जागी, त्याच मापाने येऊन उभी राहते. हाताला एकदा हालचाल शिकवली की तो लाख वेळा तीच करतो. पुलावर गाडी चार हात पुढे सरकवली की सगळं बदलतं. तुळया सारख्या दिसतात, पण एकीवर रिव्हेट मारलेली जोडपट्टी असते, दुसरीच्या कडेने पाइप गेलेला असतो, परांचीही दर वेळी इंचभर इकडेतिकडे बांधलेली असते. 1932 सालचं ड्रॉइंग संगणकात भरून भागत नाही. त्यामुळे रोबोटला दर मुक्कामी आधी विचारावं लागतं, मी आहे कुठे?

एकदा खडे उडायला लागले की कॅमेऱ्यालाही माणसाइतकंच कमी दिसतं. म्हणून रोबोट बघण्याचं काम आधी उरकतो. टोकाचा सेन्सर चौफेर फिरवून तो समोरच्या पृष्ठभागांची अंतरं मोजतो आणि त्या बिंदूंमधून जागेचा त्रिमितीय नकाशा रचतो. कुठली जागा अजून दिसलेली नाही, ती दिसण्यासाठी हात कसा वळवायचा, हेही तोच ठरवतो. मग पृष्ठभागाचे लहान लहान तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यासमोर नोझल किती अंतरावर आणि कोणत्या कोनात धरायचं याचा हिशेब करतो आणि कोपर कुठे आपटणार नाही असा मार्ग आखतो. एवढं झालं की खडे सुरू. मारा करताना तो नकाशाच्या भरवशावर चालतो. चालवणारा माणूस आडोशाबाहेर, स्वच्छ हवेत.

याच पुलासाठी विद्यापीठाने आणखी एक यंत्र बनवलं, ‘क्रॉक’. हे साफसफाईचं नाही, पाहणीचं. कमानीच्या आत पोलादाच्या पोकळ पेट्या आहेत. त्यांतून माणसाला रांगत, अरुंद भोकांतून अंग चोरत जावं लागतं. क्रॉक अळीसारखं चालतं. एक पाय चिकटवायचा, अंग वाकवून दुसरा पुढे टाकायचा. पायांत कायमचुंबक बसवलेत, कारण विद्युतचुंबक असता तर वीज जाताच यंत्र खाली आलं असतं.

जहाजांची पोटं आणि तेलाच्या टाक्या साफ करणाऱ्या यंत्रांना यातलं फारसं काही सोसावं लागत नाही. तिथे भिंत रुंद आणि सलग. चुंबकाने किंवा निर्वाताने चिकटलेली गाडी दोन हजार बारपेक्षा जास्त दाबाच्या पाण्याने रंग सोलत वर चढते आणि ते गढूळ पाणी तिथल्या तिथे शोषून घेते. पाण्याने मीठही धुऊन निघतं, पण नवा खरखरीतपणा येत नाही. खड्यांनी एकदा आलेला असेल तोच उघडा पडतो.

स्कॉटलंडच्या फोर्थ रेल्वे पुलाविषयी म्हण आहे की त्याचं रंगकाम कधी संपत नाही, एका टोकाला पोहोचलं की दुसऱ्या टोकाने पुन्हा सुरू. 2002 ते 2011 मध्ये ती खोटी ठरली. त्या वेळी जुने थर पार धातूपर्यंत काढले आणि काचेच्या पापुद्र्यांचं इपॉक्सी चढवलं. आता निदान वीस वर्षं बघायला नको, असा तिथल्या अभियंत्यांचा हिशेब. त्या कामाला रोबोट नव्हता, सगळं माणसांनी परांचीवर उभं राहून केलं.

आपल्या किनाऱ्यावर खारा वारा कमी नाही आणि पोलादी पुलांनाही तोटा नाही. तरी हा रोबोट इकडे लगेच येईल असं वाटत नाही. रूळ टाकणं, यंत्र चढवणं, जागा बदलणं यात वेळ जातो. एकासारखे एक बरेच गाळे असतील तरच ते परवडतं, आणि जिथे तोंडाला रुमाल बांधून नळी धरणारा मजूर रोजंदारीवर मिळतो, तिथे खर्चाचा तक्ता यंत्राच्या विरुद्धच जातो. त्या तक्त्यात फुप्फुसाचा रकाना नसतो, ही गोष्ट वेगळी.

सिडनीतही माणूस पुरता बाहेर पडलेला नाही. अडचणीचे कोपरे हातानेच साफ होतात. त्यासाठी विद्यापीठाने नंतर मधला मार्गही काढला : नोझलचा रेटा यांत्रिक हात पेलतो आणि दिशा मूठ धरलेला कामगार देतो. रंग लावण्याआधी रिव्हेटच्या कडांवर ब्रशने वेगळा हात द्यावा लागतो, कारण धारदार कडेवर रंग पातळ बसतो आणि गंज तिथूनच शिरतो. त्या पुलावर रिव्हेट आहेत सुमारे 60 लाख.