विषयाला धरून बोलण्याची शिस्त

चार कारागीर एकत्र बसले की बोलणे कोठून कोठे जाईल याचा नेम नसतो. लाकडाच्या भावावरून निघालेली गोष्ट गिऱ्हाइकाच्या चिक्कूपणावर येते, तेथून एखाद्याच्या जुन्या चुकीवर घसरते, आणि ज्याला खरोखर काही विचारावयाचे होते तो तसाच घरी परततो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात इ. स. १७२७ मध्ये स्थापन झालेल्या ‘जंटो’ नावाच्या मंडळाने या अडचणीवर जी युक्ती योजिली ती आजही विचारात घेण्याजोगी आहे.

मंडळाचा संस्थापक बेंजामिन फ्रँकलिन त्या वेळी अवघा २१ वर्षांचा असून छापखान्यात काम करीत होता. त्याच्या सोबत्यांत जोडे शिवणारा, सुतार, काचकाम करणारा, भूमापक, दस्तऐवजांच्या नकला करणारा लेखनिक अशी मंडळी होती. सभासदांची संख्या १२ पर्यंतच ठेवली होती. सभा शुक्रवारी सायंकाळी भरे.

प्रत्येक सभासदाने पाळीपाळीने नीती, राजकारण किंवा निसर्गविज्ञान यांतील एखादा प्रश्न मांडावा असा नियम होता. हा प्रश्न चर्चेच्या एक आठवडा आधी वाचून दाखविला जाई. त्यामुळे प्रत्येकास त्यावर काही वाचून येण्यास अवधी मिळे. ज्याची तयारी नसते तोच बहुधा आडवाटेला लागतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरा नियम भाषेविषयी होता. वाद जिंकण्यासाठी नव्हे, तर सत्यशोधनासाठी बोलावयाचे. आपलेच खरे असे ठासून सांगणे किंवा दुसऱ्याचे म्हणणे थेट खोडून काढणे निषिद्ध ठरवून त्यासाठी किरकोळ दंड ठेवण्यात आला. कारण मान दुखावली गेली की विषय बाजूला राहतो आणि माणसे एकमेकांविषयी बोलू लागतात.

मग धंद्यातील गोष्टींचे काय? त्यांना मज्जाव नव्हता. मंडळाचे २४ ठरीव प्रश्न होते. कोणाचा धंदा बुडाला व कशामुळे, कोणाची भरभराट झाली व कोणत्या उपायाने, नव्याने दुकान थाटलेल्या एखाद्या होतकरू तरुणास मदत करता येईल काय, अशी विचारपूस त्यांत असे. ज्या गप्पा एरवी सभा उधळून लावतात त्यांना अशा रीतीने जागा नेमून दिली गेली.

अर्थात विषयनिष्ठेचाही अतिरेक होऊ शकतो. काचकाम करणारा टॉमस गॉडफ्री हा स्वतः शिकून तयार झालेला गणिती होता. प्रत्येकाच्या बोलण्यात तो गणिती काटेकोरपणाची अपेक्षा करी व क्षुल्लक बाबीवरही हरकत घेई. त्यामुळे संभाषणाचा विरस होत असे, असे फ्रँकलिनने आत्मचरित्रात नमूद केले आहे. गॉडफ्री लवकरच मंडळातून बाहेर पडला. विषय राखणे आणि शब्दाशब्दाला अडविणे यांतील भेद त्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो.

हे मंडळ सुमारे ४० वर्षे टिकले. चर्चेत ग्रंथांचे आधार वारंवार लागत, म्हणून सभासदांनी आपापली पुस्तके एकत्र ठेवून पाहिली. त्यांची नीट निगा राहिली नाही आणि वर्षभराने ती परत नेण्यात आली. परंतु त्याच कल्पनेतून १७३१ मध्ये वर्गणीदारांचे ग्रंथालय उभे राहिले. ते आजही अस्तित्वात आहे. प्रश्नाला धरून बोलावयाचे तर आधी वाचले पाहिजे, ही गरज त्या ग्रंथालयाच्या मुळाशी होती.