कीटकभक्षी वनस्पतींचा छंद : कुंडीत खत नको, सड्यावरचे रोप नको

पावसाळ्यात गोव्यातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर मातीचा पातळ थर ओलाचिंब होतो आणि त्यात दवबिंदू, सीतेची आसवे यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती उगवतात. या मातीत नत्र व स्फुरद अत्यल्प असते. ती उणीव या वनस्पती कीटकांपासून भरून काढतात. दवबिंदूच्या पानांवरील केसांच्या टोकांशी चिकट थेंब असतात. त्यांत कीटक अडकतो. सीतेच्या आसवांच्या ओल्या मातीतील सूक्ष्म पिशव्या तर डोळ्याचे पाते लवण्याआधीच बारीक जीव आत ओढून घेतात.

त्या कुंडीत वाढवताना बहुतेकांचा हात चुकतो तो मायेपोटी. शेणखत घातलेली सुपीक माती आणि क्षारयुक्त नळाचे पाणी यांनी त्यांची मुळे दुखावतात. वाळू व पीट यांचे बिनखताचे मिश्रण, साठवलेले पावसाचे पाणी, कुंडीखाली पाण्याची ताटली आणि भरपूर ऊन एवढे त्यांना पुरते. मांसाचे तुकडे भरवू नयेत. ते कुजतात आणि पानही सडते.

रोपे बियांपासून किंवा ऊतीसंवर्धनाने वाढवणाऱ्या रोपवाटिकेतूनच घ्यावीत. सड्यावरील दवबिंदू बहुधा एका हंगामाचेच सोबती असतात. बी पडण्यापूर्वी रोप उपटले, की पुढच्या पावसाळ्याचे बीजही जाते. मेघालयातील घटपर्णी अतिरेकी तोडीनेही दुर्मीळ झाली. आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत. सड्यावरील वनस्पती गुडघे टेकून पाहाव्यात आणि तेथेच राहू द्याव्यात.